रॉडच्या जॉइंटला बोल्ट घालायचा की पिन? शेड, कॅनोपी आणि ब्रेसिंगची कामं करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात शेड उभी करणाऱ्यांकडून आणि उद्यमनगरात फॅब्रिकेशन करणाऱ्या मंडळींकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. आकडे आयएस ८०० (लोखंडी बांधकामाचा भारतीय कोड) च्या २००७ च्या आवृत्तीप्रमाणे काढलेत, म्हणजे फॅक्टर्ड लोडशी (सुरक्षेसाठी वाढवून धरलेल्या भाराशी) ताडून बघायचे आहेत. १० किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक टन धरा.

रॉडचा जॉइंट म्हणजे नक्की कुठला जॉइंट म्हणताय?

गोल सळई फक्त ताण घेते आणि तिच्या टोकाला काहीतरी करून ती खांबाला, कैचीला नाहीतर भिंतीला जोडलेली असते, तो जॉइंट. शेडच्या बाजूला फुलीसारखं जे क्रॉस ब्रेसिंग असतंय ते, दुकानापुढच्या किंवा हॉटेलच्या दारावरच्या कॅनोपीला वरून धरणारे टाय रॉड, मोठ्या गेटचा तिरका रॉड, पर्लिनमधले (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांमधले) त्यांना लोंबू न देणारे सॅग रॉड, हे सगळे त्यात आले. टोकाला कुणी आटे पाडून नट लावतं, कुणी प्लेट वेल्ड करून बोल्ट घालतं, कुणी दोन कानांचा फोर्क लावून मधून पिन सोडतं.

रॉड १६ चा आहे, मग बोल्टपण १६ चाच घालायचा ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर नीट समजून घेतलं तर बाकीची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात. रॉड ताणला जातो आणि बोल्ट आडवा कातरला जातो, दोघांचं काम वेगळं आहे, त्यामुळं व्यास सारखा असून ताकद सारखी येत नाही. साध्या एमएसचा (माइल्ड स्टील, ई २५० ग्रेड) १६ मिमीचा आटे पाडलेला रॉड साधारण ४५ किलोन्यूटन ताण घेतो. आता त्याच्या टोकाला एक प्लेट वेल्ड केली, ती गसेटला (खांबाला वेल्ड केलेल्या जोडाच्या प्लेटला) चिकटवून ठेवली आणि एम १६ चा (१६ मिमीचा) ४.६ ग्रेडचा बोल्ट घातला, तर तो बोल्ट एकाच ठिकाणी कातरला जाणार, आणि आटे त्या जागेवर आले तर त्याची ताकद फक्त २९ किलोन्यूटन. म्हणजे रॉड साडेचार टनाचा आणि त्याला धरणारा बोल्ट तीन टनाचासुद्धा नाही.

तोच बोल्ट फोर्कमध्ये घाला. आता गसेट मधे आणि फोर्कचे दोन कान दोन्ही बाजूला, बोल्ट दोन ठिकाणी कातरावा लागतो, ताकद झाली ५८ किलोन्यूटन. बोल्ट तोच, ग्रेड तोच, पैसे तेच, फक्त जॉइंटची मांडणी बदलली. २० मिमीच्या रॉडचं पण असंच होतंय: रॉड ७१ किलोन्यूटन, एम २० चा ४.६ बोल्ट एका बाजूनं कातरताना ४५, दोन बाजूंनी ९०.

एका बाजूनं लावलेल्या प्लेटचा अजून एक त्रास असा की जोर रॉडच्या मध्यातून सरळ जात नाही, थोडा बाजूला सरकतो, मग ताण आला की प्लेट वाकायला बघते आणि आटे जिथं सुरू होतात तिथं रॉडपण वाकतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, १२ मिमीच्या वरच्या कुठल्याही ब्रेसिंग रॉडला फोर्क किंवा दोन प्लेटांचा जॉइंटच करा.

मग ८.८ चा एचटी (हाय टेन्साइल, जास्त ताकदीचा) बोल्ट घातला की विषय संपला?

बोल्टपुरता संपला. एम २० चा ८.८ बोल्ट एका बाजूनं आटे धरूनसुद्धा ९० किलोन्यूटन घेतो, त्यामुळं रॉडपेक्षा तो वरचढ झाला. पण प्लेट तीच राहिली, भोक कडेपासून तेवढंच राहिलं, वेल्ड तेवढीच राहिली. बोल्ट मजबूत केला की जोर जाऊन पुढच्या कमजोर जागेवर बसतो आणि बहुतेक वेळा ती जागा म्हणजे सहा मिमीची प्लेट आणि कडेला मारलेलं भोक.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. जॉइंट असा पाहिजे की कधी हद्दीबाहेर ताण आलाच तर आधी रॉड ताणला जाऊन लांबला पाहिजे. एमएसचा रॉड तुटायच्या आधी बराच लांबतो, ब्रेसिंग ढिलं पडलेलं दिसतं, पत्रा हलायला लागतो, माणसाला कळतं की काहीतरी बिघडलंय. बोल्ट कातरला की असलं काही कळत नाही, एका क्षणात सुटतं. म्हणून बोल्ट, पिन, प्लेट, वेल्ड या चौघांची ताकद रॉडच्या ताकदीच्या वर ठेवायची, लोड कमी असला तरी.

डोक्यावरच्या ४.६ आणि ८.८ चा हिशोब काय?

पहिल्या आकड्याला १०० नं गुणलं की तुटायची ताकद येते, न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये. टिंबानंतरचा आकडा सांगतो की त्यातल्या किती भागावर बोल्ट कायमचा लांबायला लागतो. ४.६ म्हणजे ४०० आणि २४०. ८.८ म्हणजे ८०० आणि ६४०. १०.९ म्हणजे १००० आणि ९००. डोक्यावर काहीच उमटवलेलं नसेल तर ४.६ च्या वर धरू नका, दुकानदार "एचटीच आहे" म्हणाला तरी. आणि नट बोल्टच्या जोडीचा घ्या, ८.८ बोल्टला ८ नंबरचा नट, नाहीतर आटे नटाचे जातात.

बोल्ट कुठं आणि पिन कुठं?

जॉइंट एकदा आवळला की जागचा हलणार नाही, शेडच्या ब्रेसिंगसारखं, तिथं बोल्ट. सहज मिळतो, ग्रेड डोक्यावर लिहिलेला असतो, बदलायला सोपा.

पिन तिथं जिथं रॉडला फिरायची मोकळीक पाहिजे. कॅनोपीचे टाय रॉड बघा, वारा खालून उचलतो, पत्रा तापून फ्रेम लांबते, रॉडचा कोन थोडा थोडा बदलत राहतो, तिथं नट घट्ट आवळलेला बोल्ट लावला तर फिरायचं काम रॉडच्या आट्यांवर येतं आणि वर्षानुवर्षं वाकून वाकून तिथंच चीर पडते. गेट, झुकणारे जिने, उघडबंद होणारी छपरं, तात्पुरते मंडप जे परत परत जोडायचे आणि सोडायचे असतात, हे सगळं पिनचं काम. आर्किटेक्टला दिसायला सुबक जॉइंट पाहिजे असतो तेव्हापण पिन येते, आणि त्यात चूक काही नाही, फक्त मग पिनचं वेगळं गणित करावं लागतंय.

युरोकोड ३ च्या (लोखंडी बांधकामाचा युरोपातला कोड) जॉइंटच्या भागात एक सोपी सूट दिलीय: फिरायची गरज नसेल आणि पिनची लांबी व्यासाच्या तिप्पटीपेक्षा कमी असेल तर ती पिन साधा एक बोल्ट समजून मोजली तरी चालते. त्याच्या बाहेर गेलात की पिन वाकते का ते बघावंच लागतं.

पिन वाकते म्हणजे? एवढी जाड लोखंडाची पिन कशी वाकेल?

फोर्कचे दोन कान पिनला वरच्या बाजूला ओढतात आणि मधली प्लेट खालच्या बाजूला. कान आणि प्लेट अगदी लगत असतील तर पिन नुसती कातरली जाते. मधे मोकळी जागा राहिली की पिन छोट्या बीमसारखी काम करायला लागते. पिनला वाकवणारा मोमेंट काढायचं युरोकोडमधलं सूत्र असं: जोर भागिले ८, गुणिले (मधली प्लेट + एका बाजूच्या गॅपची चौपट + बाजूच्या एका कानाची दुप्पट).

धरा जोर ७० किलोन्यूटन, मधली प्लेट १० मिमी, कान ८ मिमी, गॅप १ मिमी. कंसातली बेरीज ३०, मोमेंट २६२ किलोन्यूटन-मिमी. आता साइटवर १० ची प्लेट मिळाली नाही म्हणा किंवा फोर्क तयार मोठा मिळाला म्हणा, गॅप दोन्ही बाजूला ५-५ मिमी झाला. बेरीज ४६, मोमेंट ४०२. जोर तोच, पिन तीच, आणि वाकवणारा मोमेंट दीडपट. वरून बघणाऱ्याला काही फरक दिसत नाही, उलट पिन सहज शिरली म्हणून फिटर खूश असतो.

गॅप भरायला दोन्ही बाजूला वायसर घालतात, त्यानं प्लेट मधोमध राहते एवढाच फायदा, वाकणं कमी होत नाही कारण वायसर जोर घेत नाही. खरा उपाय म्हणजे मधली प्लेट जाड करणं किंवा गसेटला भोकाभोवती दोन्ही बाजूनं गोल चकती वेल्ड करणं आणि मग भोक एकदम आरपार ड्रिल करणं.

दुकानात फुल थ्रेड बोल्टच मिळतात, चालतील?

चालतील, पण ताकद आट्याच्या खाचेतल्या क्षेत्रफळावर मोजायची. एम २० चं पूर्ण क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमी आणि आट्यातलं २४५, म्हणजे २२ टक्के गेलेच. वर दिलेले माझे सगळे आकडे आटे कातरायच्या जागेवर आहेत असं धरूनच आहेत, कारण साइटवर कुठला बोल्ट येईल याची खात्री नसते.

पण पिनसारखं काम करणारा जॉइंट असेल, थोडंफार फिरणार असेल, तर फुल थ्रेड घालू नका. आट्याची धार प्लेटच्या भोकात घासते, भोक लांबट होतं, जॉइंटमध्ये खेळ येतो आणि पावसाचं पाणी आट्यात साचून गंज तिथूनच सुरू होतो. तिथं अर्धे आटे असलेला बोल्ट घ्या. एम २० × ८० च्या बोल्टला साधारण ४६ मिमी आटे असतात, वरचा भाग गुळगुळीत. ८ + १० + ८ आणि थोडी मोकळीक मिळून पकड २८ मिमी झाली, तर दोन्ही कातरायच्या जागा गुळगुळीत भागावर येतात. फक्त नट आट्याच्या शेवटाला जाऊन अडतो आणि आवळल्यासारखा वाटतो पण प्लेट ढिलीच असते, म्हणून नटाखाली दोन-तीन वायसर टाका आणि हातानं हलवून बघा.

गसेट प्लेट किती जाडीची घ्यायची आणि भोक कडेपासून किती लांब?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, विचारला पाहिजे आधी. बोल्ट प्लेटला दाबतो, प्लेट मऊ असेल किंवा कड जवळ असेल तर भोक कडेकडं फाटत जातं. आयएस ८०० मध्ये भोकाच्या मध्यापासून कडेचं अंतर भागिले भोकाच्या व्यासाची तिप्पट असा एक गुणांक आहे, तो एकपेक्षा जेवढा कमी तेवढी प्लेटची ताकद कमी.

एम १६ बोल्ट, भोक १८, कड ३० मिमीवर. ६ मिमी प्लेट घेतली तर ताकद जवळपास ४४ किलोन्यूटन, रॉडच्या ४५ पेक्षा जराशी कमीच. ८ मिमी घेतली की ५८. एम २० बोल्ट, भोक २२, कड ४० वर: ६ मिमीला ६० किलोन्यूटन, आणि रॉड आहे ७१ चा, म्हणजे नापास. ८ मिमीला ७९, पास. आपल्याकडं गसेट म्हटलं की हात आपोआप सहाच्या प्लेटकडं जातो कारण कटिंगमधून तुकडे उरलेले असतात, पण रॉडच्या जॉइंटला एकच बोल्ट असतो, दुसरा बोल्ट मदतीला नसतो, त्यामुळं इथं सहाची प्लेट वापरू नका एवढं माझं ऐका. वजनात जो फरक पडतो तो अख्ख्या शेडमध्ये किरकोळ असतोय.

कडेचं किमान अंतर भोकाच्या व्यासाच्या दीडपट, प्लेट करवतीनं किंवा मशीननं कापलेली असेल तर. हातानं गॅस कटर मारला असेल किंवा शिअरिंग मशीनवर कापली असेल तर १.७ पट. हे किमान आहे. मी स्वतः दुप्पटीच्या जवळपास ठेवतो.

एक अख्खं उदाहरण देता का?

शेडच्या एका बेची (दोन खांबांमधल्या गाळ्याची) रुंदी ६ मीटर, उंची ५ मीटर, वाऱ्याचा वरच्या टोकाला येणारा आडवा फॅक्टर्ड जोर ३० किलोन्यूटन. तिरक्या रॉडची लांबी ७.८ मीटर. रॉडमधला ताण ३० गुणिले ७.८ भागिले ६, म्हणजे ३९ किलोन्यूटन. फुलीतला एकच रॉड धरायचा, दुसरा दाबाखाली ढिला पडतो. १६ मिमीचा रॉड ४५ चा, पुरतो. फोर्कमध्ये एम १६ चा ४.६ बोल्ट ५८, पुरतो. गसेट ८ मिमी, कड ३० वर, ५८, पुरतो. गसेट खांबाला ६ मिमी फिलेट वेल्डनं दोन्ही बाजूनं ६० मिमी लांबीत जोडली तर शॉपमध्ये केलेली वेल्ड ९० च्या घरात जाते. साइटवर वर चढून मारलेली वेल्ड कोडप्रमाणेच कमी धरायची असते, साधारण १५ ते २० टक्के कमी, तरी पुरतो.

इथं एचटी बोल्टची गरजच पडली नाही बघा. तेच एका बाजूच्या प्लेटवर केलं असतं तर २९ च्या बोल्टला ३९ चा ताण आला असता.

भोक बोल्टपेक्षा किती मोठं ठेवायचं? साइटवर गॅसनं वाढवलं तर?

एम १२ ला १ मिमी, एम १६ पासून एम २४ पर्यंत २ मिमी, त्याच्या वर ३ मिमी. पिन फिरणारी असेल तर त्याहून कमी, पिन हातानं सरकेल एवढीच मोकळीक, कारण ढिल्या भोकात पिन एका रेषेवर टेकते आणि तिथंच झिजते.

गॅसनं भोक वाढवू नका. कड खडबडीत होते, चीर तिथून सुरू होते, आणि भोक गोल राहत नाही. भोकं जुळत नसतील तर रीमर (भोक साफ करून मोठं करणारं हत्यार) मारा किंवा गसेट काढून नवीन लावा. लांबट भोक तर या जॉइंटला नकोच, टर्नबकल (रॉडची लांबी कमी-जास्त करणारा मधला आटेवाला जोड) असताना लांबी जुळवायला लांबट भोकाची गरज काय?

पाच सूत आणि एम १६ एकच ना?

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पाच सूत १५.९ मिमी, त्यामुळं जाडी जवळपास तीच. पण आटे वेगळे. पाच सुताच्या जुन्या व्हिटवर्थ बोल्टला इंचाला ११ आटे, म्हणजे पिच २.३ मिमी, आणि एम १६ ची पिच २ मिमी. नट दोन फेरे चढतो मग अडतो, आणि कुणीतरी लांब पान्हा लावून दाबून चढवतो, आटे चिरडले जातात. सहा सूत आणि एम २० ची गोष्ट जास्त वाईट आहे, कारण पिच जवळपास सारखी (२.५४ आणि २.५) पण सहा सूत १९ मिमीच, त्यामुळं एम २० चा नट त्यावर चढतो, पण ढिला, आणि अर्धवट आट्यांवरच लटकतो. जुन्या शेडची दुरुस्ती करताना हे फार होतंय. जुना रॉड इंचाचा असेल तर नट, टर्नबकल सगळं इंचाचंच घ्या, नाहीतर सगळं बदला.

उद्यमनगरात टर्नरकडून पिन करून घेतली तर?

खुशाल घ्या, एवढे चांगले टर्नर घराजवळ असणं ही आपली मोठी सोय आहे. फक्त मटेरियल आपण सांगायचं. ईएन ८ चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) बार घेतला तर एमएसपेक्षा ताकद बरीच जास्त, लेथवर नीट चालतो. टेस्ट सर्टिफिकेट असलेला बार घ्या, भंगारातल्या शाफ्टच्या तुकड्यातून पिन करू नका, तो कुठल्या गाडीत किती वर्षं फिरलाय आणि आत चीर आहे का ते वरून कळत नाही.

डोकं आणि अंग जिथं मिळतं तिथं थोडी गोलाई ठेवायला सांगा, काटकोनी खाच नको. आणि ईएन ८ च्या पिनला साध्या वेल्डिंग रॉडनं टॅक मारू नका, त्यात कार्बन जास्त असतो, वेल्डशेजारी कडक ठिसूळ भाग तयार होतो. ८.८ च्या बोल्टच्या डोक्याला वेल्ड मारणंसुद्धा तसंच, उष्णतेनं दिलेली ताकद उष्णतेनंच जाते.

फोर्क फाउंड्रीतून ओतून घेतला तर स्वस्त पडतो, घ्यावा का?

ग्रे कास्ट आयर्नचा नको. दाबाला ते उत्तम, म्हणून मशीनचे बेड आणि पंपाच्या बॉडी त्याच्या होतात, पण ताणाला ठिसूळ, लांबतच नाही, थेट तुटतं. फोर्कचे कान ताणाखालीच असतात. एसजी आयर्न (लवचिक जातीचं ओतीव लोखंड) लांबतं, ते विचारात घेता येईल पण ग्रेड आणि टेस्ट बारचा रिपोर्ट मागा. फोर्ज केलेला किंवा प्लेटमधून कापून वेल्ड केलेला फोर्क मला सगळ्यात जास्त पसंत.

टीएमटी सळई पडून आहे, तिलाच आटे पाडले तर?

नको. टीएमटीची ताकद तिच्या बाहेरच्या कडक सालीत असते, आतला गाभा मऊ असतो. लेथवर आटे पाडले की तीच साल निघून जाते. आणि जाडी पण सगळीकडं सारखी नसते. गोल ब्राइट बार किंवा साधा एमएस राउंड घ्या.

टर्नबकल किती आवळायचा?

रॉडचा लोंबकळा निघून तो सरळ झाला आणि हातानं हलवला तर ताठ लागला की थांबा. आयएस ८०० मध्ये ताणाखालच्या मेंबरला बारीकपणाची (लांबी भागिले जायरेशन त्रिज्या, गोल सळईला ती व्यासाच्या चौथा भाग) मर्यादा ४०० आहे, आणि १६ मिमीचा ७.८ मीटर रॉड त्यात बसायचा प्रश्नच नाही, तो जवळपास १९५० येतो. ही मर्यादा आधीच ताण दिलेल्या मेंबरला लागू नाही, म्हणून तर रॉड ब्रेसिंग चालतं, आणि म्हणूनच टर्नबकल शोभेचा नाही. पण आडदांड माणसानं लांब पाइप घालून आवळला तर खांबच ओळंब्यातून जातो. फुलीचे दोन्ही रॉड आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे, ओळंबा लावून बघत.

टर्नबकलमध्ये दोन्ही बाजूचे आटे किमान रॉडच्या व्यासाएवढे आत गेलेले पाहिजेत, मधल्या खिडकीतून टोकं दिसली पाहिजेत. शेवटी चेक नट (पहिला ढिला पडू नये म्हणून लावायचा दुसरा नट).

पिन निसटू नये म्हणून काय? स्प्लिट पिन की नट?

फिरणाऱ्या पिनला स्प्लिट पिन आणि आधी वायसर. २० मिमीच्या पिनला ५ मिमीची स्प्लिट पिन बसते, दोन्ही पाय नीट वळवायचे. खिळा वाकवून घालू नका. न फिरणाऱ्या बोल्टला नट आणि चेक नट, किंवा नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला नट). फोर्कमधला बोल्ट फार आवळला की कान आत वाकतात, तेवढा आवळू नका.

अमेरिकेत कनेटिकट राज्यात मायनस नदीवरच्या पुलाचा एक गाळा २८ जून १९८३ ला कोसळला, ३ माणसं गेली. तो गाळा पिन आणि लटकत्या प्लेटांवर टांगलेला होता. पाणी जायची वाट बंद झाली होती, पिनेभोवती गंज साचत गेला, आणि फुगलेल्या गंजानं प्लेटला पिनेच्या टोकाकडं ढकललं. पिनची ताकद कमी पडली नव्हती, तिला जागेवर ठेवणारी गोष्ट कमी पडली.

वरून रॉडनं पोटमाळा किंवा गॅलरी टांगायची आहे, पिन नको, नुसता नट चालेल?

चालतो, पण एक गोष्ट जपा. १७ जुलै १९८१ ला कॅन्सस सिटीच्या हयात रिजन्सी हॉटेलमध्ये टांगलेले दोन पूल कोसळून ११४ माणसं गेली. मूळ नकाशात छतापासून खालच्या पुलापर्यंत एकच अखंड रॉड होता. बांधताना सोयीसाठी त्याचे दोन केले, एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. त्यामुळं वरच्या पुलाच्या बीमखालच्या नटावर एका पुलाऐवजी दोन पुलांचं वजन आलं, आणि दोन चॅनल तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेल्या त्या बीममधून नट ओढला गेला. रॉड तुटला नव्हता.

आपल्याकडं दोन मजली पोटमाळा टांगताना हाच बदल सहज सुचतो, कारण लांब रॉडला मधेपर्यंत आटे पाडणं कटकटीचं असतंय. तसं करायचंच असेल तर वरच्या नटाखाली पूर्ण बेरजेचा हिशोब करा, नटाखाली जाड प्लेट द्या, आणि बीमला त्या जागी आतून स्टिफनर (आधाराची पट्टी) मारा. माणसं ज्याच्यावर उभी राहणार आहेत ते काम इंजिनीअरच्या सहीशिवाय करू नका.

सॅग रॉडला पण पिन लागते का?

नाही. १२ मिमीचा रॉड, पर्लिनच्या वेबमधून आरपार, दोन्ही बाजूला नट-वायसर. बास. फक्त सगळ्यात वरच्या, मोभाजवळच्या रॉडवर खालच्या सगळ्यांचा ताण गोळा होतो, तिथं एक साइज वाढवा.

गंजाचं काय? गगनबावड्याला शेड आहे.

गगनबावडा, राधानगरी, आंबा या बाजूला पाऊस एवढा की जॉइंट चार महिने ओलाच असतो, आणि गोठा किंवा गुऱ्हाळ असेल तर वाफ आणि अमोनियाची भर. हॉट डिप गॅल्व्हनाइझ केलेला (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) ८.८ बोल्ट चांगला. १०.९ आणि त्यावरचे बोल्ट अॅसिडमधून काढून डिप करायला देऊ नका, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात आणि काही दिवसांनी आवळलेल्या अवस्थेत तुटू शकतात. गॅल्व्हनाइझ बोल्टला नट त्याच्यासाठी मोठे आटे पाडलेलाच लागतो, साधा नट चढवायला जस्त खरवडू नका.

स्टेनलेसची पिन कॅनोपीला छान दिसते, ए२-७० (स्टेनलेसचा ग्रेड) असेल तर ७०० ची ताकद पण असते. आट्यांना अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, नाहीतर स्टेनलेसवर स्टेनलेस जाम होतंय. फोर्क एमएसचा असेल तर मधे नायलॉनची बुश द्या, ओलाव्यात दोन धातू एकमेकांना लागले की एमएस लवकर खातं. आणि फोर्कचं तोंड वर ठेवताय तर खाली पाणी निघायला वाट ठेवा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शेड पाण्यात होती, जुने जॉइंट ठेवायचे का?

आधी गाळ धुऊन काढा, जॉइंटच्या आत गाळ बसला तर तो ओलावा धरून ठेवतो. मग प्रत्येक पिन बाहेर काढून बघा. मधे कंबर पडली असेल, हाताच्या नखाला खाच लागत असेल, तर बदला. पिन निघतच नसेल तर ती गंजानं धरलीय, कापून नवीन घाला. खालच्या टोकाचे जॉइंट आधी बघा, बेस प्लेटजवळचे, वरचे बहुतेक ठीक असतात. एका वेळी एकच रॉड सोडा, दुसऱ्या बेचं ब्रेसिंग जागेवर असताना, आणि वारा नसताना.

दुकानात किंवा ड्रॉइंगवर नेमकं काय लिहून द्यायचं?

"२० चा बोल्ट" एवढंच लिहिलं तर जो हाताला लागेल तो मिळतो. असं लिहा: हेक्स बोल्ट एम २० × ८०, ग्रेड ८.८, अर्धे आटे, हॉट डिप गॅल्व्हनाइझ, ८ नंबरचा जोडीचा नट, चेक नट, तीन वायसर. पिन असेल तर: व्यास २०, ईएन ८, डोक्याखालची लांबी, स्प्लिट पिनच्या भोकाची जागा आणि ५ मिमी साइज, प्लेटिंग कुठलं. ड्रॉइंगवर जॉइंटचा आडवा छेद काढा, कान, गॅप, गसेट, गॅप, कान असे सगळे आकडे टाकून, म्हणजे वर्कशॉपमधल्या माणसाला गॅप किती ठेवायचा ते विचारायला फोन करावा लागत नाही.